सवड मिळाली की बघा

मे महिन्यातलं लग्न, जिंतूरला. मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि अक्षता पडेपर्यंत दीड वाजला. मंडपात कुलर होते, पण गार वारा पुढच्या दोन रांगांनाच. मागच्यांना ओल्या वाळ्याचा वास तेवढा येत होता. मी माहेरच्या बायकांबरोबर पंगतीला बसले. बुंदी वाढून झाली, वांग्याची भाजी आली, आणि मठ्ठ्याची बादली घेऊन एक गृहस्थ आमच्या ओळीत शिरले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पण बोटांच्या पेरांत वार्निशचे तपकिरी डाग, धुऊन न जाणारे. माझ्या पानाशी ते थांबले. "गुरुजींची लेक ना तुम्ही? वाळूजला कंपनीत असता?" मी हो म्हटलं. "लेकरानं तुम्हाला काहीतरी लिहिलंय म्हणं मोबाइलवर. सवड मिळाली की बघा." एवढं बोलून ते पुढच्या पानाकडे सरकले. आवाजात तक्रार नव्हती, आर्जव नव्हतं. दुकानासमोरून जाणाऱ्याला 'या, चहा घ्या' म्हणावं इतक्या सहज ते बोलले. माझा हात पानावर तसाच राहिला, कारण तो मेसेज मी पाहिला होता. फेब्रुवारीत पाहिला होता.

संभाजीनगरला परतताना मंठा येईपर्यंत मी फोन उघडला नाही. मग उघडला. लिंक्डइन म्हणजे कामाच्या ओळखी जोडायची साइट. तिथले मेसेज खाली सरकवत नेले तेव्हा तो सापडला. 'रिस्पेक्टेड मॅडम, आय ॲम फ्रॉम जिंतूर. डिप्लोमा मेकॅनिकल. प्लीज गिव्ह मी जॉब इन युवर कंपनी.' खाली हात जोडलेले. उत्तराची जागा रिकामी. असे मेसेज मला आठवड्याला तीन-चार येतात. परभणीचे, सेलूचे, अंबाजोगाईचे, कधी थेट किनवटचे. मी क्वालिटीत आहे, माणसं घेणं माझ्या हातात नाही, ही पहिली सबब. एखाद्यासाठी शब्द टाकला आणि तो पंधरा दिवसांत सोडून गेला तर पुढच्या खेपेला माझा शब्द कोण ऐकणार, ही दुसरी. बाईमाणसानं अनोळखी मुलग्यांच्या मेसेजना उत्तरं देताना जरा जपूनच असावं, ही तिसरी, आणि ती अगदीच खोटी नाही. पण जालना मागे पडलं तोवर या तिन्ही सबबी माझ्याच मनाला पटेनाशा झाल्या होत्या. खरं कारण जुनं होतं. आणि त्याला हुरड्याचा वास होता.

मी इंजिनिअर झाले १९९९ साली. माझे वडील, आमचे दादा, शाळामास्तर. कुणाच्या तरी ओळखीतून त्यांना कळलं की औरंगाबादला अमुक एका साहेबांनी मनावर घेतलं तर पोरीचं काम होईल. हिवाळ्याचे दिवस होते. पहाटे काकांच्या शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला, चोळला, पाखडला, स्वच्छ फडक्यात बांधला. बरोबर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी. परभणीहून रेल्वेनं आम्ही दोघं निघालो. गाठोडं दादांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही, गरम राहावं म्हणून वरून उपरणं गुंडाळलं. साहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर आम्ही अकराला बसलो ते तीनपर्यंत. आतून फोनवर बोलल्याचा, हसल्याचा आवाज येत होता. मग एक पोऱ्या बाहेर आला आणि साहेब गावाला गेलेत म्हणाला. दादांनी मान हलवली, चपला घातल्या, आणि त्या पोऱ्यालाच विचारलं, "बाबा, जेवलास का?" रस्त्यानं चालताना ते फक्त एवढंच बोलले, की हुरडा गार झाला.

स्टेशनवरच्या बाकावर बसून तो आम्ही दोघांनी खाल्ला. गार हुरडा चिवट लागतो.

त्या दिवसानंतर मी कुणाकडे काही मागितलं नाही. पहिली नोकरी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून अर्ज करून मिळाली, दुसरी तशीच. 'माझी कुणाशी ओळख नव्हती' हे मी अभिमानानं सांगत आले. आमच्याकडे ओळख या शब्दाला दोन टोकं आहेत. एका टोकाला वशिला: ज्याचा आहे तो मिरवतो, ज्याचा नाही तो शिव्या देतो. दुसऱ्या टोकाला उपकार, जो आयुष्यभर फेडायचा. बीडकडचे ऊसतोडणीला जाणारे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, बघा. काम मुकादमाच्या ओळखीनं मिळतं, पण त्याआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत माणूस त्या ओळखीला बांधलेला. काम देणारी ओळख मान खाली घालायला लावते हे आमच्या मातीत इतकं खोल गेलंय की शिकल्यासवरल्यावरही ते निघत नाही. मेसेजमधले ते जोडलेले हात मला बघवत नव्हते, कारण ते मला त्या ओसरीवर नेऊन बसवत होते. आणि या खेपेला आतल्या खोलीत मी होते.

२०२० च्या जूनमध्ये माझी नोकरी गेली. टाळेबंदीत ऑर्डरी थांबल्या, आमच्या युनिटमधली निम्मी माणसं कमी केली, त्यात मी. वीस वर्षांत वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथली बरीच गेटं माझ्या पायाखालची झाली होती. जवळच्या मैत्रिणींना फोन केले. त्या हळहळल्या, जेवणाचे डबे आणून दिले, पण त्यांना ठाऊक असलेली गेटं तीच होती जी मलाही ठाऊक होती, आणि ती सगळी तेव्हा बंद होती. लिंक्डइनवर २०१२ पासून माझं खातं होतं, उघडून ठेवलेलं आणि विसरलेलं. २०२० मध्येच फोटोभोवती ते हिरवं कडं लावायची सोय आली होती, काम शोधत असल्याची खूण. ते लावायला मला आठ दिवस लागले. भाचे बघतील, नणंदेच्या ऑफिसातले बघतील. 'आपलं आपण सांगू नये' असं ऐकत वाढलेल्या बाईला स्वतःच्या कामाबद्दल चार ओळी लिहिणं म्हणजे भरल्या मंडपात उभं राहून उखाणा घेण्यापेक्षा अवघड. शेवटी एका रात्री मी लिहिलं. विशेषणं सुचेनात, म्हणून एक प्रसंग लिहिला: चुकीच्या कडकपणाचा एक लॉट मी रात्री दोन वाजता कसा थांबवला, गाडी भरून उभी असताना.

पाचव्या दिवशी एका गृहस्थांचा मेसेज आला. ग्राहक कंपनीकडून ते आमच्याकडे ऑडिटला येत. आयुष्यात दोनदा भेट, तीही फायलींवर मान घालून. त्यांनी लिहिलं होतं की तो लॉट ज्यांच्याकडे जायचा होता तिथं तेव्हा मीच होतो. शेंद्र्याला एक जागा निघते आहे, तुमचं नाव सुचवू का? सुचवू का, असं त्यांनी मलाच विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले आणि पुन्हा येऊन वाचलं. महिनाभरानं मी कामावर रुजू झाले. त्या माणसानं माझ्याकडून काही घेतलं नाही, पुढे कधी त्याची आठवणही करून दिली नाही.

त्या रिकाम्या महिन्यात मी या विषयावर बरंच वाचलं. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध आहे. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांनी सांगितलं की तो माणूस आम्हाला वरचेवर भेटतो. बाकी सगळ्यांच्या बाबतीत तो कधीमधी किंवा क्वचितच भेटणारा होता. तुमच्या मित्रानं सांगितलं का, असं विचारलं की लोक त्यांना दुरुस्त करायचे: मित्र नव्हे, नुसती ओळख. 'नुसती ओळख' हे शब्द मी वहीत लिहून ठेवले. कारण साधं आहे. जवळची माणसं आपल्याच आडाचं पाणी पितात, त्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असतं. नुसत्या ओळखीचा माणूस दुसऱ्या आडावरचा. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटींहून अधिक लोकांच्या पाच वर्षांतल्या जोडण्या तपासून केलेला एक अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही निष्कर्ष बराचसा तोच, फक्त जरा बारीक: नोकरी बदलायला सगळ्यांत उपयोगी पडतात ती मध्यम विरळ नाती, अगदी घरोब्याचीही नाहीत आणि अगदीच परकीही नाहीत. आणि जिथं काम संगणकावर कमी चालतं त्या धंद्यांत मात्र जवळची नातीच जास्त कामाला येतात.

हे वाचताना मला माझी आई आठवली. जिंतूर-परभणी एसटीत बसली की शेजारच्या बाईला तिचा पहिला प्रश्न असायचा, "गाव कोणतं बाई?" मग माहेर कोणतं, तिथं अमक्याच्या घरी दिली ती तुमची कोण, आणि बोरी यायच्या आत दोघींच्या मधली एखादी आत्या किंवा चुलत नणंद सापडलेली असायची. मधल्या माणसावरून दुसऱ्या टोकाच्या माणसापर्यंत जायचं, याला लिंक्डइनवर सेकंड डिग्री म्हणतात. आईला ते चौथीपर्यंतच्या शिक्षणावर यायचं. आमच्याकडच्या बायकांनी याच वाटेनं पोरींची स्थळं शोधली, गुणकारी वैद्य शोधले, दुष्काळात चारा शोधला. तिला त्यात कधी कमीपणा वाटला नाही, कारण ती मागत नव्हती. ती विचारत होती. आणि विचारताना स्वतःचंही सगळं सांगत होती.

आमच्या मुलांचं मात्र कुठंतरी चुकलंय, आणि त्यात त्यांचा दोष मला फार दिसत नाही. तालुक्यातालुक्यांत अभ्यासिका आहेत. एका हॉलमध्ये प्लायवुडच्या खणांत पन्नास मुलं, डोक्यावर एक पंखा, पायाशी पाण्याची बाटली. त्यांच्या फोनमध्ये हजार-हजार जणांचे ग्रुप आहेत, आणि त्या सगळ्यांत एकच जाहिरात फिरत असते, कधी दोन वर्षांपूर्वीची. पन्नास जण एकाच आडावर. मग त्यातल्याच एखाद्या ग्रुपमध्ये कुणी 'निवड झाली आहे, ट्रेनिंगचे पैसे भरा' म्हणतं आणि एखादं लेकरू भरतं. या मुलानंही भरले होते, साडेतीन हजार. तो नंबर दुसऱ्या दिवशी बंद. नोकरी देणारा पैसे मागत नाही, ही एक गोष्ट मी आता प्रत्येक उत्तरात आधी लिहिते. त्याला ती सांगायला मी फेब्रुवारीत असायला हवं होतं. त्यानं पैसे भरले मार्चमध्ये.

लग्नानंतरच्या रविवारी सकाळी मी त्याला व्हिडिओ कॉल लावला. उशीर झाल्याबद्दल माफी मागितली, तेव्हा तो इतका गडबडला की मलाच वाईट वाटलं. तो वडिलांच्या दुकानात बसला होता, मोटार वाइंडिंगचं. मागची भिंत पार खालपर्यंत फोन नंबरांनी भरलेली. मी विचारलं, सध्या काय करतोस? "काही नाही मॅडम. अभ्यास करायलोय. मधून मधून दुकानात बसतो." दुकानात काय करतोस? "वाइंडिंग." मग मी त्याला बोलतं केलं. आधी एकेक वाक्य आलं, नंतर थांबेना. एप्रिल-मे मध्ये बोअरचं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या चालून जळतात. विजेच्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेला की वेगळ्या जळतात. "कॉइल उघडली की दिसतं मॅडम. स्टार जोडणीची मोटार असली आणि तीनपैकी दोनच कॉइली काळ्या झाल्या असल्या, तर एक फेज गेलेला असतो. तिन्ही सारख्याच करपल्या तर लोड नाही तर व्होल्टेज." मी म्हटलं, शेतकऱ्याला हे सांगतोस? तो म्हणाला, सांगतो, आणि लिहूनही ठेवतो. उठून एक दोनशे पानी वही घेऊन आला. गाव, मोटार किती एचपीची, काय जळालं, कशामुळं. तीन वर्षांच्या नोंदी.

मी गप्प झाले. आमच्याकडे फील्डमधून परत आलेल्या मालाच्या बैठका होतात. दहा माणसं गोल टेबलाभोवती बसतात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं की नेमकं काय झालं याची नोंदच नाही. इथं ती नोंद जिंतूरच्या एका दुकानात, वहीच्या रेघांवर, निळ्या शाईत होती. आणि ज्याच्या हातची ती, तो लिंक्डइनवर स्वतःबद्दल लिहीत होता: 'हार्डवर्किंग, टीम प्लेयर, सीकिंग अपॉर्च्युनिटीज'. हजारो मुलांनी लिहिलेली तीच ओळ. त्याच्या नावाखाली २२० अक्षरांची जागा होती आणि त्यात तो कुठंच नव्हता.

मी म्हटलं, इंग्रजी राहू दे, आधी मराठीत सांग तू काय करतोस. बराच वेळ गेला. मग त्यानं लिहिलं: 'जळालेली मोटार उघडून ती का जळाली ते सांगतो. तीन वर्षांच्या नोंदी आहेत.' इंग्रजी आम्ही त्यावरून केलं. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "दुकानाचं लिहू का मॅडम? लोक काय म्हणतील?" त्या प्रश्नानं माझ्या पोटात कालवलं. हिरवं कडं लावायला मला लागलेले आठ दिवस त्यात होते. मी म्हटलं, दुकानाचंच लिही. वहीच्या दोन पानांचे फोटो टाक, जळालेल्या कॉइलीचा टाक, वडिलांना विचारून त्यांच्या हातांचा एक टाक. नंतर त्याच्या कॉलेजच्या पानावर गेलो. तिथून शिकून बाहेर पडलेले कुठं कुठं काम करतात ते तिथं दिसतं, हे त्याला माहीतच नव्हतं. पंप आणि मोटारींच्या कंपन्यांत, सर्व्हिसच्या कामावर असलेले सोळा जण निघाले. त्यांना काय लिहायचं? 'नोकरी द्या' लिहायचं नाही असं मी सांगितलं, आणि का नाही ते नीट सांगता येईना. शेवटी मी त्याला आईची एसटी सांगितली. तो हसला. म्हणाला, "म्हणजे आधी गाव सांगायचं." त्यानं पहिल्याच मेसेजमध्ये लिहिलं की मी जिंतूरचा, तुम्ही ज्या कॉलेजचे त्याच कॉलेजचा, आमच्या भागात या प्रकारच्या मोटारी अशा जळतात, तुमच्याकडेही असंच दिसतं का?

सोळापैकी तेरा जणांचं उत्तर आलं नाही. हे लिहायलाच हवं, कारण या मुलांना फक्त यशाच्या गोष्टी दिसतात आणि आपल्यालाच कुणी विचारत नाही असं वाटून ती आतून खचत जातात. एकानं अंगठा पाठवला. एकानं 'ऑल द बेस्ट'. आणि एक निघाला सेनगावचा, आता कोइमतूरला पंपांच्या कंपनीत. त्यानं मराठीत लिहिलं, वहीची सगळी पानं पाठव. पुढे दोघं फोनवर तासभर बोलले, नोकरीबद्दल कमी आणि सिंगल फेजबद्दल जास्त. सप्टेंबरमध्ये त्यानं आपल्या वरिष्ठांशी याची मुलाखत ठरवून दिली, ऑनलाइन. झाली. कळवतो म्हणालेत. मीही आमच्या एचआरला लिहिलं. वशिला म्हणून नव्हे, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच: ही वही, या नोंदी, हा मुलगा. त्यांना अनुभवी माणूस हवा होता. नाही म्हणाले. ते मी त्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. तीन वाजेपर्यंत कुणालाही ओसरीवर बसवायचं नाही, एवढं मला आता जमतं. सगळ्यांना उत्तरं देणं अजून जमत नाही. या आठवड्याची चार अजून तशीच आहेत, आणि ती झोपताना आठवतात.

दसऱ्याला जिंतूरला गेले तेव्हा दुकानात गेले. वाइंडिंगचं मशीन, पकडी, हातोड्या, मेगर, सगळ्यावर हळदकुंकू आणि झेंडू. वार्निशचा आणि उदबत्तीचा वास एकमेकांत मिसळलेला. मुलाच्या वडिलांनी मला आपट्याचं पान दिलं, मी त्यांना दिलं. मुलाच्या नोकरीचं त्यांनी काही विचारलं नाही. मीच भिंतीकडे बघून विचारलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवून दाखवायला सुरुवात केली. "हा येलदरीचा, याच्याकडं चेनकप्पी हाये, मोटार वर काढायला. हा बोरीचा, याचा पोरगा बोअरच्या गाडीवर. ही बाई चारठाण्याची, नवरा वारल्यावर शेत बघती, हिची मोटार आधी करून द्यायची." दुकानाला दरवर्षी चुना देतात, ही भिंत सोडून.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पेन काढलं. "तुमचा नंबर सांगा ताई." मी म्हटलं, मुलाकडे आहे की. "लेकराच्या मोबाइलात असंल. हितं पाहिजे." येलदरी आणि बोरीच्या मधली बोटभर जागा त्यांनी हातानं पुसली. मी आकडे सांगत गेले, ते लिहीत गेले. पेन मध्येच अडलं, तळहातावर दोनदा घासून त्यांनी शेवटचे चार आकडे गिरवले, आणि पुढे मला न विचारताच लिहिलं: गुरुजींची लेक, वाळूज.